आप्पांचं कोलेस्टेरॉल ठीकच होतं, मग नस तुंबली कशी? नसेतली सूज आणि जंतू, हे खरं आहे का?

केळीवाला_रावेर

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमच्या आप्पांना (वय ६२) पोळ्याच्या आधी अटॅक आला, जळगावला नेलं, अँजिओग्राफीत एक नस जवळपास बंद निघाली, स्टेंट टाकला. आता घरी आहेत, तब्येत बरी आहे, बागेत जायचं म्हणून आईशी रोज भांडतात.

माझं कोडं वेगळंच आहे. मागच्या वर्षी गावातल्या शिबिरात त्यांचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १०४ आला होता, रिपोर्टवर लाल खूण नाही काही नाही, शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू, विडी-सिगरेट जन्मात नाही. तंबाखू मात्र आहे, चुना लावून मळायची आणि दिवसभर गालात. त्यामुळे भेटायला येणारा जो तो म्हणतो, कोलेस्टेरॉल नव्हतं तर अटॅक आलाच कसा. आणि हो, अटॅकच्या आधी त्यांना चांगलाच ताप-खोकला होता, भर पावसात मजुरांबरोबर केळीला युरिया टाकायला गेले होते, ताप उतरला उतरला म्हणतोय तोच हे झालं.

डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्यांखाली तीन गोष्टी लिहिल्यात: हिरड्या दाखवा, फ्लूची लस घ्या, पुढच्या वेळी एचएस-सीआरपी नावाची रक्ताची टेस्ट करून आणा. विचारलं तर "नसेला सूज असते" एवढंच बोलले, बाहेर पेशंटची रांग होती, त्यांचाही दोष नाही. हिरड्यांचं खरं आहे, भाकरीचा कडक पापुद्रा चावला की बेसिनमध्ये लाल थुंकी पडते, खालची एक दाढ हलते, ती जिभेने हलवत बसतात आणि काढायचा विषय निघाला की उठून ओट्यावर जातात.

आता आमच्या गल्लीत एक काका आहेत, आधी दवाखान्यात कंपाउंडर होते. ते म्हणतात हा सगळा जंतूंचा खेळ आहे, परदेशात नसेतून जंतू काढून दाखवलेत, बापाला एक दणकट अँटिबायोटिकचा कोर्स दे, नस साफ होते. चिठ्ठीवर गोळीचं नावही लिहून दिलं. आई म्हणते आण मेडिकलमधून, काय बिघडतं. म्हणून विचारतो, यात तथ्य किती आणि थापा किती?

फार्मावाला_शिरपूर

भाऊ, आधी एक करा, ती चिठ्ठी खिशातच राहू द्या. का ते सांगतो. मी बी.फार्म.च्या पोरांना औषधशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, आप्पांच्या गोळ्यांना हात लावणार नाही, पण हा विषय दरवर्षी वर्गात येतो म्हणून जरा खोलात जातो.

काका बोलले ते अगदीच हवेतलं नाहीये. १९८८ साली फिनलंडमध्ये सैक्कू आणि त्यांच्या टीमला दिसलं की हार्टच्या पेशंटच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए नावाच्या जंतूच्या अँटीबॉडी बाकीच्यांपेक्षा जास्त सापडतात. (नाव ऐकून दचकू नका, गुप्तरोगाचा तो क्लॅमिडिया वेगळा, हा खोकला-न्यूमोनियाचा, श्वासातून पसरणारा. वर्गात हे नाव काढलं की मागच्या बाकावर खसखस पिकतेच.) पुढे ९० च्या दशकात तोच जंतू नसेतल्या चरबीच्या थरातही सापडला. त्या काळात वारंच तसं होतं, कारण पोटाच्या अल्सरचं नुकतंच उलगडलेलं, तिखट आणि टेन्शन एकटे गुन्हेगार नाहीत, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे. बॅरी मार्शलने १९८४ मध्ये ते जंतू स्वतः पिऊन दाखवले, २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. मग हार्टवाल्यांना वाटणारच ना, की आपल्याकडेही असाच एखादा जंतू निघेल, दोन आठवड्यांचा कोर्स दिला की झालं.

आणि त्यांनी ते नुसतं बोलून सोडलं नाही, तपासलं. विझार्ड नावाच्या ट्रायलमध्ये सात हजारांवर लोकांना तीन महिने अझिथ्रोमायसिन किंवा नुसती साखरेची गोळी दिली. एसेसमध्ये ४,०१२ लोकांना वर्षभर, दर आठवड्याला ६०० मिग्रॅ. प्रूव्ह-इटमध्ये गॅटिफ्लॉक्सासिन, दर महिन्याला दहा दिवस, असं सरासरी दोन वर्षं. निकाल? गोळी घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना अटॅक सारखेच. डेन्मार्कची क्लॅरिकॉर ट्रायल तर वाईटच निघाली, ४,३७३ हार्टच्या पेशंटपैकी साधारण निम्म्यांना दोन आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन दिलं आणि पुढच्या तीन वर्षांत त्या गटात हार्टमुळे गेलेले लोक जास्त भरले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) त्यावरून डॉक्टरांना सावध केलं, हार्टचा पेशंट असेल तर हे औषध देताना विचार करा म्हणून.

म्हणजे नसेत जंतू सापडला हे खरं, पण सापडला म्हणजे त्यानेच केलं असं होत नाही. न्यूमोनिएची लागण इतकी सर्रास असते की निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या रक्तात त्याच्या अँटीबॉडी असतात, माझ्याही असतील, तुमच्याही. शिवाय चरबी खाऊन फुगलेल्या ज्या पेशी नसेत जाऊन बसतात त्याच पेशी जंतूही गिळतात, तर तो त्यांच्या पोटात बसून तिथे पोचला असेल. काहीजण अजूनही म्हणतात की जंतू झोपलेल्या अवस्थेत असतो, त्यावर या गोळ्या चालत नाहीत, किंवा साठीत कोर्स देऊन उशीर झालेला असतो. असेल तसं. पण त्यासाठी आज आप्पांना कोर्स द्यायला काही आधार नाही.

आता सूज. ही मात्र भानगड खरी आहे. एलडीएलचे कण नसेच्या आतल्या अस्तरात घुसतात, तिथे अडकून सडतात, खराब होतात. शरीर त्यांना परकं समजतं, पांढऱ्या पेशी धावून येतात, ते कण खातात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. वर एक पातळ टोपी धरते. हे बरंचसं गळवासारखं आहे, आत मऊ आणि वर कातडी ताणलेली. आतल्या पेशी जी रसायनं सोडतात ती टोपी आतून कुरतडतात, एक दिवस ती फाटते, आतला माल रक्ताला लागतो आणि तिथे गुठळी धरते. अटॅक म्हणजे ही गुठळी. म्हणूनच कितीतरी अटॅक अशा जागी येतात जिथे आधी नस निम्मीसुद्धा तुंबलेली नव्हती. नसेच्या या रोगात सूज आहे हे विरचो नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं, आपण ऐकलं शंभर-सव्वाशे वर्षांनी.

आणि तुमच्या आप्पांचा तो ताप मी योगायोग म्हणून सोडणार नाही. कॅनडात २०१८ मध्ये एक अभ्यास आला, लॅबमध्ये फ्लू पक्का झालेल्या लोकांचा. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत अटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या इतर वेळेपेक्षा सहापट निघालं. ताप आला की ठोके वाढतात, अंगातलं पाणी कमी होतं, रक्त गोठायला उतावीळ होतं, आणि आधीच पातळ झालेली टोपी त्याच वेळी सूजेच्या तडाख्यात सापडते. जंतूने तुमची नस वीस वर्षं तुंबवली असं नाही, पण शेवटचा धक्का त्याचा असू शकतो. फ्लूची लस त्यासाठीच लिहिलीये. २०२१ मध्ये आलेल्या आयएएमआय ट्रायलमध्ये अटॅकनंतर लगेच लस दिलेल्यांमध्ये वर्षभरात पुन्हा अटॅक, स्टेंटमध्ये गुठळी किंवा मृत्यू असं काही झालेले ५.३ टक्के होते, न दिलेल्यांत ७.२.

शेंगदाणा_तेल_झिंदाबाद

घ्या! मी दहा वर्षांपासून बोंबलतोय की कोलेस्टेरॉल हा कंपन्यांचा धंदा आहे. सर स्वतःच म्हणताहेत की खरी भानगड सुजेची. आमचे आजोबा रोज शेवभाजीवर बोटभर तर्री, दाळबट्टीवर वाटीभर तूप, नव्वदीपर्यंत बैलगाडी हाकली. एलडीएल १०४ वाल्याला अटॅक येतो म्हणजे गणित चुकलंय ना भो. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) बंद, हळद सुरू.

नवापूर_पोल्ट्री

आजोबांचं नका सांगू, माझेही आजोबा होते, पंचावन्नला गेले, त्यांच्यावर कोणी पोस्ट टाकत नाही.

मला एक वेगळं विचारायचं होतं. सरांनी जंतूंचं लिहिलं त्यावरून आठवलं, आमच्या पोल्ट्रीत मॅरेक्स म्हणून रोग येतो, व्हायरसचा, पक्षी एक पाय पुढे एक मागे करून पडतो. लस हॅचरीतच एक दिवसाच्या पिल्लाला मानेत टोचून येते म्हणून आता फार दिसत नाही. आमच्या व्हेटर्नरी डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं की या व्हायरसने कोंबडीच्या नसा पण माणसासारख्या तुंबतात. खरं का हे? मला तेव्हा वाटलं गंमत करताहेत.

फार्मावाला_शिरपूर

नवापूर भाऊ, गंमत नाही, एकदम खरं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत फॅब्रिकँट यांनी दाखवलं की मॅरेक्सचा व्हायरस दिलेल्या कोंबड्यांना साध्या खाद्यावर, कोलेस्टेरॉल न घालताही, नसेत जाड थर धरतात, आणि लस दिलेल्या कोंबड्या वाचतात. तो हर्पिस घराण्यातला व्हायरस, म्हणून मग माणसातल्या हर्पिसवर्गीय व्हायरसवर, विशेषतः सायटोमेगॅलो व्हायरसवर बरंच संशोधन झालं. माणसात इतकं स्वच्छ चित्र निघालं नाही. पण जंतूवाल्या बाजूचा हा सगळ्यात दमदार पुरावा, आणि तो तुमच्या शेडमधून आला!

आता शेंगदाणा साहेब. तुम्ही माझ्या तोंडात जे घातलंत ते मी बोललोच नाही. सूज येते कशाला? आत अडकलेल्या एलडीएलला. ज्यांचा एलडीएल जन्मापासूनच दुप्पट असतो त्या कुटुंबांत तिशी-चाळिशीत अटॅक येतात, बाकी काही नसलं तरी. आणि ज्यांच्यात जीनच्या फरकामुळे तो जन्मभर कमी राहतो त्यांना अटॅक फार कमी. सूज कोलेस्टेरॉलला निर्दोष सोडत नाही, दोघं मिळून चोरी करतात.

१०४ चं म्हणाल तर "नॉर्मल" शब्दाने घोळ केलाय. तो आकडा निरोगी माणसाच्या तक्त्यातला आहे. एकदा अटॅक आला की युरोपच्या २०१९ च्या गाइडलाइनप्रमाणे एलडीएल ५५ च्या खाली न्यायचा, आपल्याकडचे लिपिडवाले (रक्तातल्या चरबीचे डॉक्टर) तर ५० म्हणतात. शिवाय बीपी आहे, गालात तंबाखू आहे. २००४ मध्ये ५२ देशांचा इंटरहार्ट म्हणून मोठा अभ्यास आला, त्यात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना अटॅक बाकीच्यांपेक्षा लवकर येतो हे दिसलं, आणि कारणं तीच: चरबी, तंबाखू, बीपी, शुगर, पोटाचा घेर, टेन्शन वगैरे. काही गूढ नाही.

मग सूज ही नुसती धूर आहे की आगही, हे कसं ठरवायचं? त्यासाठी असं औषध हवं जे कोलेस्टेरॉलला हातच लावत नाही, फक्त सूज उतरवतं. २०१७ मध्ये पॉल रिडकर यांच्या टीमने तेच केलं, कॅन्टॉस ट्रायल. १०,०६१ लोक, सगळ्यांना आधी अटॅक येऊन गेलेला आणि सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा आकडा, २ च्या वर. कॅनाकिनुमॅब नावाचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, ते इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा सुजेचा निरोप्या पकडून ठेवतं. एलडीएल जागचा हलला नाही, तरी १५० मिग्रॅ घेणाऱ्यांत अटॅक, लकवा वगैरे १५ टक्क्यांनी घटले. म्हणजे आग आहेच, हे सिद्ध झालं. पण फुकट काही नसतं, त्याच लोकांत जीवघेणे इन्फेक्शन थोडे वाढले, कारण सूज हीच तर जंतूंशी लढायची फौज. औषध भयंकर महाग, आणि हार्टसाठी त्याला परवानगी मिळालीच नाही.

त्यानंतर मेथोट्रेक्सेट करून बघितलं, आपल्याकडे संधिवाताला देतात ते, काही फरक नाही. म्हणजे कुठलीही सूज कशीही उतरवली तर चालतं असं नाही, ठरावीक वाट बंद करावी लागते. हळदीने ती वाट बंद होऊन अटॅक टळतात असं कुठल्याही मोठ्या ट्रायलने दाखवलेलं नाही. भाजीत घाला, भरीतात घाला, स्टॅटिनच्या जागी नको.

लॅबवाली_भुसावळ

सीआरपीबद्दल मी बोलते, दिवसभर हेच करते. दादा, तुमच्या कागदावर एचएस-सीआरपी लिहिलंय तर तेच मागा. लोक येतात, "सीआरपी करायचाय" म्हणतात, आणि साधी टेस्ट होऊन जाते. साधी स्लाइडवरची टेस्ट ६ च्या खालचं काही दाखवतच नाही, निगेटिव्ह लिहून येतं, आणि हार्टवाल्यांना तर ६ च्या खालचाच हिशोब हवा असतो. १ च्या खाली असेल तर धोका कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त. आणि १० च्या वर आला तर तो हार्टसाठी वाचायचाच नाही, कुठेतरी इन्फेक्शन किंवा जखम आहे, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करायचा.

अटॅक आणि स्टेंटच्या दिवसांत तर तो उडालेलाच असतो, त्यामुळे आत्ता घाईत करू नका, डॉक्टरांनी "पुढच्या वेळी" लिहिलंय ते उगाच नाही. ताप, दाढदुखी, गळू, पायाला काटा लागून पिकलेलं, असं काही चालू असेल तर येऊ नका. मागे एक मावशी आल्या, रिपोर्ट २८, घरी सगळे रडायला लागले हार्टचं काय झालं म्हणून, मी पदर बाजूला करायला सांगितलं तर काखेत मोठं गळू.

आणखी एक, सीआरपी स्वतः नस तुंबवत नाही. ज्यांचा सीआरपी जीनमुळेच जन्मभर जास्त असतो त्यांना अटॅक जास्त येत नाहीत, हे तपासून झालंय. तो फक्त सांगतो की कुठेतरी धग आहे. त्यामुळे सीआरपी कमी करायची पावडर म्हणून जे विकतात त्यांच्या नादी लागू नका. त्यापेक्षा एकदाच लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच चरबीचा एक कण) करून घ्या, तो बापाचा जास्त असेल तर पोरांनीही करायचा, कारण तो घराण्यातून येतो आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही.

दातवाली_अमळनेर

हिरड्यांचं वाचून आलेच. मी डेंटिस्ट. दादा, भाकरी चावताना रक्त आणि हलणारी दाढ म्हणजे आप्पांचा पायोरिया बराच पुढे गेलाय. हिरडी आणि दाताच्या मधल्या खिशात जंतूंचा थर वर्षानुवर्षं बसलेला असतो, नुसतं चावलं किंवा घासलं तरी ते जंतू थोडावेळ रक्तात जातात, आणि सूज तर चोवीस तास चालू. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा हिरडीतला जंतू नसेच्या थरातही सापडलाय.

पण खोटं नाही सांगणार. २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळे अभ्यास बघून सांगितलं की हिरड्यांचा रोग आणि हार्टचा रोग यांचं नातं आहे, तंबाखू-शुगर बाजूला काढली तरी उरतं, पण हिरडीनेच हार्ट बिघडलं हे सिद्ध नाही आणि हिरडी साफ केल्याने अटॅक टळतो हेही नाही. जे दवाखाने "दात साफ करा, हार्ट वाचवा" असा फलक लावतात ते जास्त बोलताहेत. तरी साफ कराच, कारण ती दाढ दुखणार, पू होणार, आणि मग ताप आल्यावर रात्री धावपळ करण्यापेक्षा आत्ता बरं.

यात एक गोष्ट जीवावरची. दाढ काढायची म्हणून स्टेंटच्या पेशंटने रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. एक दिवसही नाही. नवीन स्टेंटमध्ये गुठळी झाली तर आप्पा दवाखान्यापर्यंत पोचतीलच असं नाही. गोळ्या चालू ठेवून दाढ काढता येते, जागेवर दाबून, टाके घालून रक्त थांबवतो. डेंटिस्टला स्टेंटचा कागद दाखवायचा, आणि कधी काढायची ते हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि तंबाखू. आमच्याकडे बाया मिश्री लावतात, सकाळी चुलीजवळ बसून, बोटाने हिरडीवर घासत अर्धा तास, मग दुपारी परत. हिरडी काळी, खाली हाड विरघळलेलं, आणि रक्त येत नाही म्हणून वाटतं सगळं छान आहे. तंबाखूने नसा आवळतात ना, म्हणून रक्त दिसत नाही, रोग आत चालूच असतो. तुमच्या आईंचंही तोंड एकदा बघून घ्या. आप्पा गालात ठेवतात ती बाजू मला खास बघायचीये, हार्टसाठी नाही, कॅन्सरसाठी.

केळीवाला_रावेर

बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. आई मिश्रीचीच आहे, ताई तुम्ही बघितल्यासारखं लिहिलंत.

फार्मावाला सर, आता धीर करून काकांच्या चिठ्ठीवरचं नाव लिहितो, क्लॅरिथ्रोमायसिन ५००, दिवसातून दोनदा. आणि एक राहिलंच, आप्पांच्या पायाचा अंगठा मधूनमधून सुजतो, युरिक ॲसिडचा, तेव्हा ते घरातली कोल्चिसिनची गोळी घेतात, जुन्या पानातली. स्टेंटनंतर आता ॲटोरव्हास्टॅटिन ८०, आणि रक्त पातळ करायला ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर चालू आहे.

फार्मावाला_शिरपूर

भाऊ, ती चिठ्ठी फाडा. मघाशी मला क्लॅरिथ्रोमायसिनच असेल असा वास येत होता, पण यादी बघून आता सरळच सांगतो. हे औषध लिव्हरमधला एक एन्झाइम बंद पाडतं, ज्याच्यावर तुमच्या आप्पांच्या तीन औषधांचा निचरा चालतो. ॲटोरव्हास्टॅटिन साचलं तर स्नायू विरघळून किडनीवर येतं. टिकाग्रेलॉर साचलं तर रक्तस्राव, क्लॅरिथ्रोमायसिन आणि टिकाग्रेलॉर एकत्र द्यायचंच नाही असं लिहिलेलं असतं. आणि कोल्चिसिनबरोबर क्लॅरिथ्रोमायसिन घेऊन तर माणसं मेलीत, आधी जुलाब-उलट्या, लोकांना वाटतं काहीतरी बाधलं, मग रक्ताच्या पेशी खाली येतात. तुमच्या आई म्हणाल्या काय बिघडतं, तर हे बिघडतं.

गंमत म्हणजे तुमच्या घरातल्या या कोल्चिसिनवरच आज सगळ्यात जास्त चर्चा आहे. कॅनाकिनुमॅब महाग पडलं ना, मग जुनं स्वस्त सूजेचं औषध कुठलं, म्हणून याच्यावर ट्रायल झाल्या. २०१९ ची कोलकॉट, ४,७४५ लोक, अटॅकनंतर महिन्याभरात सुरू करून रोज ०.५ मिग्रॅ. पुढचा अटॅक-लकवा वगैरे ७.१ टक्क्यांवरून ५.५ वर आलं. २०२० ची लोडोको-२, ५,५२२ स्थिर पेशंट, ३१ टक्के घट. २०२३ मध्ये एफडीएने त्याला हार्टसाठी परवानगी दिली. आणि मग २०२४ मध्ये क्लिअर सिनर्जी आली, सात हजारांवर लोक, अटॅकनंतर लगेच दिलेली, आणि फायदा शून्य! त्यामुळे आता डॉक्टरांमध्येच दोन तट आहेत. मला विचाराल तर स्थिर झालेल्या माणसात काहीतरी फायदा असावा, पण ते आप्पांच्या डॉक्टरांनी किडनीचा रिपोर्ट बघून ठरवायचं. अंगठा सुजला की पानातून काढून टाकली तोंडात, हे मात्र आता बंद. त्यांना ही गोळी घरात आहे हे माहीत तरी आहे का? डिस्चार्जच्या कागदावर नसेल तर उद्याच फोन करून सांगा.

सातपुडा_चोपडा

सर, कोल्चिसिन कळलावीत असतं ना? आमच्याकडे पावसाळ्यात जंगलात बठ्ठीकडे फुलते, लाल-पिवळी, पाकळ्या वर वळलेल्या. आता कोणीतरी हे वाचून कंद उगाळून आप्पांना पाजेल म्हणून सांगतो, आमच्या पाड्यावर कंद खाऊन माणूस दगावलेला मी पाहिलेला शे. रताळं समजून शिजवला होता. गोळीत अर्धा मिलिग्रॅम असतो, कंदात किती ते कोण मोजणार? हात लावू नका भो.

फार्मावाला_शिरपूर

एकदम बरोबर. जंगलातलं फूल बघायचं, फोटो काढायचा, घरी आणायचं नाही.

शेंगदाणा_तेल_झिंदाबाद

बरं बरं, स्टॅटिन बंद म्हटलं ते मागे घेत नाही पण आप्पांनी चालू ठेवावं, स्टेंट आहे त्यांचा. सर, फ्लूची लस दरवर्षी घ्यायची का? आणि मला पण घ्यावी लागेल का, वय ५८, बीपी आहे.

फार्मावाला_शिरपूर

दरवर्षी, कारण व्हायरस दरवर्षी कपडे बदलतो. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, पुन्हा थोडा थंडीत, म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, आणि आप्पांची राहिलीये तर आता डॉक्टरांना विचारून लगेच. बीपीवाल्यांनीही घ्यावी, तुमच्या फॅमिली डॉक्टरशी बोला. आणि साहेब, तेल शेंगदाण्याचंच खा, त्यावर माझं काही म्हणणं नाही, बोटभर तर्रीचं बघा जरा.

केळीवाला_रावेर

चिठ्ठी फाडली. कोल्चिसिनचं पान आईच्या डब्यातून काढून माझ्याकडे ठेवलंय, डॉक्टरांच्या असिस्टंटला फोन करून सांगितलं, त्यांनी नोंद घेतली आणि पुढच्या तपासणीला किडनीची टेस्ट वाढवली. दाढेचं आप्पांना अजून सांगितलं नाही, ते ताई तुम्हीच सांगा, अमळनेरला आणतो, तिकडे त्यांच्या बहिणीकडे जायचंय असं सांगून.

लॅबवाल्या ताई, शेवटचं विचारतो. एचएस-सीआरपीला उपाशीपोटी आणायचं का? आप्पांना सकाळी चहाशिवाय गाडीत बसवणं म्हणजे महाभारत.

लॅबवाली_भुसावळ

चहा पिऊ द्या, सीआरपीला उपाशी लागत नाही. लायपोप्रोटीन-एलाही नाही, किडनीच्या टेस्टलाही नाही. लिपिड प्रोफाइल सोबत असेल आणि आधी ट्रायग्लिसराइड जास्त आलेले असतील तरच रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता आणा, पाणी चालतं. आणि येताना सगळ्या गोळ्यांची पानं पिशवीत घालून आणा, नावं तोंडी सांगू नका, बीपीची "पांढरी गोळी" म्हणून रोज दहा लोक सांगतात.